शेवटच्या पंगतीचे प्रोड्यूसरकाका

प्रोड्यूसरकाका कुणाच्या आधी जेवले, असं मी कधी पाहिलं नाही. न्यूझीलंडमध्ये अवोन्डेलला आमच्या शेजारी राहणारे हे सहा फुटी अमेरिकन गृहस्थ. दर गणपतीला सकाळीच हजर होत, खुर्च्या मांडत, पाणी वाढत आणि स्वतः बसत अगदी शेवटच्या पंगतीला. पहिल्या वर्षी मी आग्रह केला, तर म्हणाले, "सेटवर आधी लाइटवाले जेवतात. प्रोड्यूसर शेवटी. काही उरलं तर." आमच्याकडेही यजमान शेवटी जेवतो म्हटल्यावर स्वारी इतकी खूश झाली, की त्या दिवसापासून घरचीच झाली.

अमेरिकेत त्यांनी तीसेक वर्षं सिनेमे काढले. गाजले थोडे, आपटले बरेच. एका शूटिंगसाठी न्यूझीलंडला आले आणि इथेच राहिले. माझ्या लेकीने एकदा विचारलं, "Who's the best person you ever worked with?" तिला नटाचं नाव हवं होतं. काका म्हणाले, "पहाटे चारला गरम कॉफी देणारी बाई."

बढाई एकच मारत. "माझं शूटिंग एकदाही थांबलं नाही." बायको गेली त्या दिवशीही थांबलं नव्हतं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. हे सांगताना ते रविवारच्या बाजारातून आणलेल्या शेंगा खाली मान घालून निवडत राहिले. पुढे तीही सिनेमातच गेली. फोन करायची, पण दिवाळी-दसऱ्याला करावा तसा.

मग एका जुलैत त्यांची औषधं वाढत गेली. मी फार्मासिस्ट. हृदय कितपत थकलंय, ते मला गोळ्यांवरूनच कळत होतं. त्यांना इस्पितळात ठेवलं, तेव्हा मी त्यांच्या मुलीला फोन लावायला निघाले. काकांनी माझा हात धरला. "प्रोड्यूसर म्हणून तिचा पहिला सिनेमा आहे. कॅनडात शूटिंग चालू आहे, आठ दिवस उरलेत. तिला थांबवू नकोस."

मी ऐकलं. मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही, याच संस्कारात वाढले. कधीकधी तो मोडायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पाचव्या दिवशी काका गेले.

मुलगी आली ती अंत्यविधीला. नंतर आमच्याकडे सगळी जेवायला बसली, तर ही उठून पाणी वाढू लागली. शेवटी आम्ही दोघीच उरल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. वरणभात चिवडत ती म्हणाली, "शेड्यूलमध्ये मी पहिल्यापासून चार दिवस मोकळे ठेवले होते. डॅडसाठी. कुणीतरी कळवेल, असं वाटलं होतं."

काकांच्या बऱ्याच सवयी मी उचलल्या. शेवटच्या पंगतीला आता मीच बसते. पण "कळवू नकोस" असं कुणी म्हणालं, की आधी फोन लावते.