निळ्या दोऱ्याच्या कोंबड्या

गेल्या रविवारी घणसोलीला भाचीच्या नव्या घरी गेले होते. चौदावा मजला, गॅलरीत चहा... सहज खाली बघितलं, तर टॉवरच्या पायाशी जुन्या गावठाणाची दाटी दिसली. तिथेच कुठेतरी हिराबाईचं अंगण होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि कोंबड्यांच्या रोगांवरच्या एका संशोधन प्रकल्पात मला फील्ड असिस्टंटची नोकरी लागली होती. ठाण्याहून एसटीने यायचं आणि खांद्याला बर्फाचा थर्मास अडकवून बांधाबांधाने गावात शिरायचं. मी डॉक्टर नव्हते, पण गावातल्या बायका मला डाक्तरीनबाय म्हणायच्या. मला ते आवडायचंही...

गावठी कोंबड्यांना मानमोडी व्हायची. मान वाकडी, हिरवी हगवण, आणि चार दिवसांत अंगण रिकामं. त्यावरच्या लशीचा एकेक थेंब मी कोंबडीच्या डोळ्यात टाकायचे.

पण लस किती चालते हे कळायला तुलना हवी. म्हणून देवळाकडच्या घरांतल्या कोंबड्यांना लस आणि खाडीकडच्या घरांतल्या कोंबड्यांना नुसतं पाणी. लसवाल्यांच्या पायाला पिवळा दोरा, पाणीवाल्यांच्या पायाला निळा. दोऱ्याचा अर्थ गावात सांगायचा नाही, अशी आमच्या प्रकल्पप्रमुख सरांची सक्त ताकीद होती. मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली... मोठ्यांनी सांगितलं की 'का' विचारायचं नाही, हे अंगात भिनलेलं.

हिराबाईचं घर खाडीकडचं. तिच्या चौदा कोंबड्या होत्या आणि त्यातली एकही ती विकत नव्हती. मुलगी पहिल्या बाळंतपणाला येणार होती ना! "बालंतिनीच्या पोटात रस्सा गेला पायजे बाय, नायतर कंबर धरत नाय," असं ती मला, लग्नही न झालेल्या मुलीला, अगदी गंभीरपणे समजावायची.

ती कोंबडी धरायची, मी थेंब टाकायचे. एकदा देवळाकडची एक बाई तिथे उभी राहून म्हणाली, "आमच्या कोंबऱ्यांना पिवला आनि तुज्यांना निला. असा कसा गो?"

"माज्या पोरी नाजूक हायत, त्यांना निला सोबतो," हिराबाई म्हणाली. "तुज्या भांडखोर, तुज्यासारक्या!"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

होळीनंतर पलीकडच्या गावात मानमोडी आल्याची बातमी आली. अशा वेळी तिथली एक रीत होती. रोग आपल्या दारात यायच्या आत धडधाकट कोंबड्या विकायच्या, कापायच्या, नाहीतर टोपलीत घालून लांबच्या माहेरी पाठवायच्या. हिराबाईचं माहेर करंजाड्याचं. मी पोचले तेव्हा टोपली ओटीवर तयार होती.

"बाय, तू सांग. करंजाऱ्याला धारू, का हितंच ठेवू?"

मी त्या निळ्या दोऱ्यांकडे बघितलं. 'पाठवा' म्हटलं असतं तर प्रयोगातल्या चौदा कोंबड्या गेल्या असत्या, आणि सरांना काय सांगायचं होतं मी? "दोन दिवस थांबा," मी म्हणाले. मनाशी ठरवलं होतं की सरांना विचारून येईन... विचारायचा धीर झाला नाही.

"तू हायस म्हंजे मना फिकीर नाय," म्हणत तिने टोपली पुन्हा माळ्यावर टाकली.

पुढच्या आठवड्यात गेले तर अंगण गप्प होतं. अकरा कोंबड्या पुरून झाल्या होत्या आणि तीन चुलीपाशी माना टाकून पडल्या होत्या. येताना देवळापाशी बघितलं होतं, पिवळ्या दोऱ्याच्या कोंबड्या उकिरडा उकरत होत्या.

वाटलं, ही आता शिव्या घालणार. घालायला हव्या होत्या. तिने मला पाण्याचा तांब्या दिला.

"तुजा काय दोष नाय, बाय. माज्याच कोंबऱ्या कमजोर, त्यांना दवा लागली नाय. पोरीचं बगन मी, खारीत मासली हाय." आणि कोंड्यात जपून ठेवलेली शेवटची चार अंडी कागदात गुंडाळून तिने माझ्या पिशवीत घातली. उन्हातान्हात येते म्हणून...

खरं सांगायची वेळ तीच होती. मी थर्मासचा पट्टा चाचपत राहिले. आणि अंडी घेतली.

निघताना तिने विचारलं, "पुन्ना पिल्लं घेन, तवा येशील ना दवा द्यायला?" येईन म्हणाले. पण महिन्याभरात गावातलं काम संपलं आणि मी पुन्हा तिकडे फिरकले नाही.

सरांचा अहवाल छान झाला. लस खरंच चांगली होती, तिने पुढे कितीतरी अंगणं वाचवली असतील, हे मला मान्य आहे. तुलना लागतेच, हेही मान्य. अहवालात निळ्या दोऱ्यांना एक ओळ मिळाली आणि शेवटी आभारात माझं नाव आलं. ते पान मी आईला कौतुकाने दाखवलं होतं...

प्रयोग सरांचा होता. "दोन दिवस थांबा" हे मात्र माझं होतं.

परवा गॅलरीत भाचीने विचारलं, "मावशी, केव्हाची खाली काय शोधतेयस?" मी म्हटलं, काही नाही. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच... घरी येऊन रात्रभर त्याचीच बोचणी लागली, म्हणून हे लिहायला बसले.

हिराबाई आता नसेल. पण तिची मुलगी, नातवंडं असतील तिथेच कुठेतरी. माझ्या इथल्या मित्रयादीतल्या कुणाची त्या घराशी ओळख निघाली, तर माझा एवढा निरोप द्या... आजीच्या कोंबड्या कमजोर नव्हत्या. त्यांना दवा दिलीच नव्हती.