शेवटचा विषय

डिझेलचा धूर नाकात गेला की मला आमच्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्राची ती जनसुनवाई आठवते. दसरा झाला होता, गावोगावच्या टोळ्या ऊस तोडायला निघत होत्या, आणि आरोग्य खात्याच्या साहेबांनी लोकांचं म्हणणं ऐकायला नेमका तोच दिवस काढला होता! मंडपात पंखे, हार, पाण्याच्या बाटल्या. बाहेर रस्त्यावर भांडी, शेळ्या नि लेकरांनी भरलेला ट्रॅक्टर धडधडत उभा. त्यातून एक पोटुशी बाई उतरली आणि तडक पुढं आली. "सायेब, मागल्या बारीला उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीतच बाळंत झाले. लेकरू गेलं. औंदा तिकडं नर्सबाई येईल का न्हाई, एवढंच सांगा." साहेब गोड हसले. "ताई, ऊसतोड कामगारांचा विषय शेवटी आहे. बसा तुम्ही." "तवर आमी कर्नाटकात पोचू की!" सगळा मंडप हसला. मी उठून ओरडलो, "आधी त्यांचं घ्या!" तेवढ्यात टोळीच्या मुकादमानं हॉर्न दाबला. "ए बाई, येती का सोडून जाऊ?" तिनं एकदा साहेबांकडं बघितलं आणि गेली. संध्याकाळी शेवटचा विषय निघाला. साहेबांनी माईकवरून विचारलं, "ऊसतोड महिलांपैकी कोणी बोलणार आहे का?" कोणी उठेना, तसे त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. आता कुठल्याही बैठकीत बसलो आणि बाहेर ट्रॅक्टर वाजला, की माझं बूड खुर्चीवर ठरत नाही. आधी दाराशी जाऊन बघतो, कोण निघालंय.