नेट नसलेलं एकच दुकान

प्रभाकरराव माझे भाऊजी, शोभाताईचे यजमान. आंजीच्या पलीकडे त्यांच्या गावात त्यांचं किराण्याचं दुकान आहे. माणूस मुलखाचा हट्टी, आणि या हट्टाचं कारण म्हणजे एकुलता एक स्वप्निल. पोरगा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. "गावात नेटची लाइन आली की घरूनच काम करतो, बाबा," असं दर सुट्टीत सांगायचा. त्या एका शब्दावर भाऊजींनी माडीवरची खोली रंगवली, टेबल-खुर्ची आणली आणि लाइनसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले.

यंदा एका साहेबांनी त्यांना सरळच सुनावलं, "तुमच्या गावात घरोघरी नेट आहे. घरं-दुकानं फिरून केलेल्या सरकारी सर्वेची आकडेवारी बघा." भाऊजी भडकले. आकडेवारी बघायचीच म्हणून वर्ध्याला आले. मी सेलूहून गेलो, माझी मुलगी जागृती कॉलेजातून आली. बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा सांगून तिनं मोबाइलवर आधी तालुका शोधला, मग गाव.

"मामाजी, नेट नाई म्हणणारं दुकान एकच आहे," ती भाऊजींना म्हणाली.

"ते माह्यंच," भाऊजी म्हणाले.

बाकीच्या दुकानदारांनी 'हो' ठोकून दिलं होतं. घरांचं तर विचारूच नका. आमच्याकडे आता पोरगी द्यायच्या आधी शेतीच्या बरोबरीनं नेटचीही चौकशी होते. सर्वेवाली बाई ओसरीवर बसून विचारते, शेजारचे कान देऊन ऐकतात. ज्याच्या घरी लग्नाचं पोरगं आहे तो कशाला नाही म्हणेल? भाऊजी एकेकाचं नाव घेऊन शिव्या घालू लागले. "मी याइच्यासाठी चपला झिजवून राह्यलो, अन् हे घरबसल्या माह्या पायावर धोंडा पाडून राह्यले."

"घरं किती नाई म्हणाली?" मी विचारलं.

"एकबी नाई, बाबा," जागृती म्हणाली.

भाऊजींची शिवी तोंडातच राहिली. एकही नाही म्हणजे त्यात त्यांचंही घर आलं.

मीही त्यांच्याबरोबर एसटीनं गावी गेलो. घरात पाऊल टाकल्याबरोबर ताईसमोर उभे राहिले. "सर्वेवालीले तू हो काऊन म्हटलं?"

"मी नाईच म्हणत होती," ताई म्हणाली. "दिवाळीले स्वप्निल आलता तवाची गोष्ट. तोच समोर झाला अन् हो सांगितलं. मले वाटलं, लग्नाचं पाहून म्हणत असन."

भाऊजी गच्चीवर गेले, मी मागोमाग. फोन तिथेच काय तो लागतो. त्यांनी फोन कठड्यावर ठेवून स्पीकर लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "हो काऊन सांगितलं?"

स्वप्निल म्हणाला, "बाबा, लाइन आली असती तर तुमी मले वापस बोलावलं असतं. मले नाई यायचं तिथं. तुमाले तोंडावर कसं सांगू?"

गावाची लबाडी मी समजू शकतो. उद्या माझ्या घरी लग्नाचं पोरगं असतं तर मीही तेच केलं असतं. पण या पोरानं बापाला वर्षानुवर्षं कचेऱ्यांत फिरवलं आणि मागून दार लावून घेतलं. असा राग आला की पुण्याला जाऊन त्याच्या कानाखाली वाजवावी. भाऊजींनी मात्र फोन बंद केला.

खाली ताई जिन्यापाशी वाट पाहत उभी होती. "काय म्हणला?"

"आवाज तुटून राह्यला होता," भाऊजी म्हणाले. "काई समजलं नाई."