धवलारणीचा कॉम्प्युटर

"मांडव नाय, तं धवला नाय," असं म्हणून ती ओठांवर पदर दाबायची, की विषय संपला. मग समोर आमदार असो, नाहीतर गाणी जमवायला शहरातून आलेले प्राध्यापक असोत, तिच्या तोंडून एक ओळ निघत नसे.

आमच्या रेवसकडच्या आगरी गावांत लग्न लावायची ती धवलारीण. धवला म्हणजे लग्नाचं गाणं. पूर्वी भटजीशिवाय लग्नं लागायची, तिच्याशिवाय नाही. हळद असो, नाहीतर नवरीची पाठवणी, तिचा धवला झाल्याशिवाय पुढचं काम हलत नसे. नवरदेव मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, तर गाता गाताच त्याचं नाव ओळीत घालून ती त्याची खरडपट्टी काढायची. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. तुमच्याकडेही असं एखादं माणूस असेल. ते मांडवात आलं, की थोरामोठ्यांना आपोआप पाय पोटाशी घ्यावे लागतात.

तिचा गळा दुखू लागला तेव्हा आम्हाला वाटलं, लग्नसराईचा ताण. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला आणि तिथून मोठ्या इस्पितळात नेल्यावर कळलं, गळ्यात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

सून शहाणी. घरी तिचा एक जुना, कुणीतरी वापरून विकलेला कॉम्प्युटर होता, त्यावर ती गावातल्या लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायची. ती म्हणाली, "आई, ऑपरेशनच्या आधी सगलं यात गाऊन ठेवा." म्हातारीने अट घातली, मांडव हवा. मग कॉम्प्युटरच्या टेबलाला बांबू बांधले, वर आंब्याचे डहाळे घातले आणि की-बोर्डला हळदकुंकू लावलं. माझं बंदराच्या रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, म्हणून मला माइक जोडायला बोलावलं होतं.

"काकी, बटणांच्या फटीत हळद जाईल," मी म्हटलं.

"नवरीच्या केसान जाते, ती मरते काय?"

ती गायली. दुपारमागून दुपार गायली, दुखऱ्या गळ्याने. सगळं झाल्यावर मी खिशातून पेनड्राइव्ह काढला. म्हटलं, एक प्रत माझ्याकडे असू दे, जुन्या यंत्राचा भरवसा नाही.

"तुज्या त्या डबीला मांडव कुठं हाय, बाला? ज्या मांडवान गायलं, तिथंच ऱ्हायाचं. दुसरीकरं न्यायाचं, तं दुसरा मांडव घाल."

दुसऱ्या मांडवाला गळा उरला नाही. ऑपरेशन झालं. ती परत आली ती गळ्याला भोक आणि त्यात नळी घेऊन.

पुढे जुन्या सिस्टिमवर अर्जाची पानं उघडेनाशी झाली. नवीन सिस्टिम टाका, असं पडद्यावर रोज येऊ लागलं. सुनेने एकदा 'हो' दाबलं. अपग्रेड अर्ध्यावर अडकलं, त्यात वीज गेली, आणि नंतर पडद्यावर काळोखाशिवाय काही येईना. ती रिक्षात घालून कॉम्प्युटर माझ्याकडे घेऊन आली. बरोबर म्हातारी. म्हातारीने आधी यंत्राकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे, मग माझ्याकडे.

मी जुन्या सिस्टिमवर परत जायचा पर्याय दिला, तो चालला नाही. दुरुस्तीची डिस्क घालून पाहिली, ती पुढे सरकेना. शेवटी हार्ड डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली. आतून टक्‌ टक्‌ आवाज यायला लागला. हा आवाज माझ्या धंद्यात फार वाईट. खाडीच्या हवेने आणि जुनेपणाने ती आधीच पोखरली होती, अपग्रेडच्या ओझ्याने मेली. मला त्या यंत्राचा आणि म्हातारीच्या हट्टाचा सारखाच संताप आला. मुंबईला एका माहितगाराकडेही पाठवून पाहिली. त्याच्याकडून परत आला तो आवाजाचा एकच तुकडा.

मी तो लावला. "थांब गो, खोकला येतंय." मग खोकला. मग सुनेचं हसणं. बस्स. म्हातारीने खूण केली, पुन्हा लाव. मी लावला. पुन्हा लाव. ती मान वाकडी करून ऐकत होती, डोळे कोरडे. रडू मलाच आवरेना.

कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून सुनेने काही पाठ केलं नव्हतं. आता सासू समोर बसून नुसते ओठ हलवायची, हाताने जमिनीवर ठेका धरायची, आणि सून ओठांवरून शब्द टिपायची. शब्द पुष्कळ जमले. चाल ओठांवरून कशी कळणार?

म्हातारी त्याच वर्षी गेली. पण मला आठवते ती त्याआधीची, तिच्या पुतणीच्या लग्नातली. सून पहिल्यांदा धवला गायला उभी राहिली. म्हातारी मांडवात समोरच बसली होती. पहिल्या ओळीला तिची मान नकारार्थी हलली. दुसऱ्या ओळीला पुन्हा. तिला ती आवरत नव्हती. सुनेचा आवाज कापू लागला आणि ती थांबली. कुणीतरी डीजेवाल्याकडे पाहिलं.

म्हातारी उठली. सुनेला हाताने खूण केली, गा, गा. आणि घरामागे गेली, जिथे बायका जेवणाची भांडी घासत होत्या. लग्नात धवलारणीने भांड्याला हात लावलेला आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. ती त्यांच्यात बसली, मांडवाकडे पाठ करून, आणि टोप पुढ्यात ओढून मोठ्याने खरडून घासू लागली. सून शेवटपर्यंत गायली.