फ्रेंच बंदुका आणि केझाया काकूंच्या गोळ्या

केझाया काकू आमच्या कनेटिकटच्या गावातल्या दाई. गावाचा साबण त्याच करायच्या, आणि इंग्रजांशी लढाई जुंपल्यापासून बंदुकीच्या गोळ्याही त्याच ओतायच्या. हिवाळ्यात शिसं संपलं तेव्हा त्यांनी लग्नातली कथलाची ताटं वितळवली. त्या वेळी चकार शब्द काढला नाही. भडकल्या त्या फ्रान्सच्या राजाने पाठवलेल्या बंदुका गावात आल्या त्या शनिवारी.

बंदुका सुरेख होत्या. त्यांचा मुलगा असाहेल एक घेऊन धावत घरी आला, काकूंची गोळी नळीत घातली आणि ती तोंडातच अडकली. दुसरीही अडकली.

"आई, नळी अरुंद आहे गं."

"दिसतंय मला! माझा साचा आपल्या जुन्या इंग्रजी बंदुकांच्या मापाचा. एवढा समुद्र ओलांडून पेट्या पाठवल्या, त्यात एक साचा टाकायला त्या राजाचा हात मोडला होता?"

गावच्या पोरांची पलटण दुसऱ्याच दिवशी, रविवारची उपासना आटोपून निघणार होती. लोहार जाबेझने नवा साचा कोरून दिला तोवर सूर्य टेकडीला टेकला. आमचा शब्बाथ, म्हणजे देवाचा विसाव्याचा दिवस, शनिवारी सूर्यास्ताला लागतो आणि रविवारी सूर्यास्तालाच सुटतो; तोवर कुठलंही काम वर्ज्य. जेमतेम दोन ओंजळी गोळ्या झाल्या, तेवढ्यात समोर राहणारे डीकन, आमच्या चर्चचे कारभारी, कुंपणाशी हजर.

"केझायाबाई, धुराड्यातून धूर येतोय."

"पोरं उद्या कूच करणार, ते चालतं शब्बाथला? तुमचाही नातू आहे त्यांच्यात."

"ते कॅप्टनने बघावं. चूल तुमची आहे."

काकूंनी निखाऱ्यांवर पाणी ओतलं. गोळ्या ओतायला मदतीला आलेली मी त्यांच्या शेजारीच उभी होते. पुटपुटल्या, "देवा, तुझा दिवस मी मोडत नाही. पण ह्या माणसांना तूच आवर."

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी फ्रान्सच्या राजासाठी प्रार्थना केली. त्याच कॅथलिक राजघराण्याला ते वीस वर्षं पोपचे गुलाम म्हणत आले होते! सगळे आमेन म्हणाले. काकू बोटांवर गोळ्यांचा हिशेब करत होत्या.

गोळ्या माणशी दोनच वाट्याला आल्या.

"दोनच?" असाहेल म्हणाला.

"नेम धरून मार. बापासारखा झाडांना मारत बसू नकोस."

सूर्य बुडाला आणि काकूंनी चूल पेटवली. भाता मी मारला. एरवी पुलावर भीतीने घोडीवरून उतरून चालत जाणारी ही बाई सोमवारी सकाळी दोन थैल्या खोगिराला बांधून नऊ मैल दौडत गेली. मी मागे बसले होते.

पलटण नदीकाठी लापशी खात होती. कॅप्टनने टोपी काढली. "फ्रान्सच्या राजाचे आणि तुमचे उपकार..."

"त्याचं राहू द्या. असाहेल, बंदूक आण."

गोळी सरळ तळाशी गेली. काकूंनी डोळे मिटले, ओठ हलले. मग प्रत्येकाला बंदूक घेऊन पुढे बोलावलं, प्रत्येक नळीत गोळी उतरवून पाहिली. शेवटी डीकनचा नातू आला. त्याच्या थैलीत दोन मुठी जास्त टाकत म्हणाल्या, "आजोबांना पत्र लिहिशील तेव्हा कळव, काकूंच्या चुलीचा धूर पोचला म्हणून."