अर्धी डुकरं माही होती

हे मी आजवर कोनाजवळ बोलली नाही. घरच्या मानसाजवळ नाही, पोरीजवळ नाही. देवापुढं हात जोडले तवा बी तेवढं गिळूनच टाकलं. मंग तुमच्याजवळ काहून बोलून राह्यली? तुमी मले ओळखत नाही म्हनून. ओळखीच्या मानसापुढं माही जीभ कशी फिरते, ते पुढं येईनच.

डुकरांपासून सुरू करते. हसू नका.

मंगरूळपीरले बचत गटाच्या बायांचं शिबीर होतं — शेळ्या, कोंबड्या, आन शेवटच्या दिवशी डुकरं. त्या दिवशी अर्ध्या बाया नाकाले पदर लावून घरी गेल्या. उरल्या त्यात मी आन कमल. कमल आमच्याच गावची, बौद्धपुऱ्यातली. नवरा जाऊन बरीच वर्सं झालती, घरात ती आन तिचा म्हातारा सासरा. आमच्या वावरात निंदाले, सोंगाले ती माह्या पोरीच्या जन्माआधीपासून येत होती. येतांना एस्टीत मीच तिले म्हनलं — आपन दोघी मिळून करू. जागा माही, मेहनत दोघीची, डुकरं अर्धी अर्धी.

ती नाही म्हने. "मामाजी जीव देतीन," म्हने. सासऱ्याले ती मामाजी म्हने. त्या म्हाताऱ्यानं पोरवयात, पुऱ्यानं धम्म घेतला त्या वर्सी, गावची मेलेली ढोरं ओढाचं सोडलं होतं, आन त्यापायी मार खाल्ला होता. पन मी कोनाचं ऐकते का? माह्या डोक्यात एक गोष्ट घुसली का घुसली. दोन महिने तिच्यामागं लागली. शेवटी म्हातारा कबूल झाला, एका अटीवर. त्याचे बोल कमलनं मले जसेच्या तसे सांगतले : "त्या बाईचा हात लागत असंल तं तू बी लाव. ज्या कामाले त्याइचा हात लागत नाही, ते काम आपन कवाच सोडलं."

माहा हात लागला. हे खरं हाय. एवढं तरी तुमी खरं माना.

रस्त्याकडच्या वावरात शेळ्यांचा जुना कोठा होता. तिथं पांढरी, विलायती डुकरं आनली — तीन माद्या, एक नर. आन पह्यल्याच उन्हाळ्यात काय फजिती, बापा! गावातलं काळं डुक्कर कसंही ऊन सोसते, आमाले वाटलं हे बी सोसंन. तिसऱ्या दिवशी त्याइच्या पाठी लालभडक, कानाची सालं निघून राह्यली. मंग आमी दोघी बारदाना वल्ला करून त्याइच्या पाठीवर टाकत होतो, अंगाले खोबऱ्याचं तेल चोळत होतो. एकडाव तेल लावलेली मादी हातातून सुटली आन मी तोंडावर घानीत पडली. कमल इतकी हसली का तिले खाली बसा लागलं. रोज सकाळी, रस्त्यानं मानसं सुरू व्हाच्या आत, घान मी काढत होती, ती पानी मारत होती. मी खुश होती त्या दिवसांत, लई खुश होती.

गावात कोनी विचारलं तं मी म्हने, "कमल पाहते." ते काही खोटं नव्हतं ना? ती पाहतच होती. अर्धं सांगत होती मी, अर्धं नाही.

मंग पोरीले पाहाले रिठदकडचे सोयरे आले. पोरगा नोकरीवाला, लोकं चांगली. घर पाहून झालं, पोहे झाले, तं म्हने वावर बी पाहू. मी म्हनलं आज राहू द्या, ऊन लई हाय — ते कायचं ऐकतात! गाडी थेट कोठ्याजवळ थांबली. त्याच सकाळी मोठी मादी व्याली होती. मादी लोळली तं पिल्लं अंगाखाली दबून मरतात, म्हनून कमल आत तिच्याजवळ बसून राह्यली होती. पोराच्या मायनं नाकाले पदर लावला. "ही डुकरं कोनाची जी?"

माही. दोन अक्षरं होती. निघाली नाही.

मी म्हनलं, "आमची कायची! कमलची हायेत. गरीब हाय, जागा देल्ली तिले. त्या लोकायले चालते."

त्या लोकायले चालते — हे माह्या तोंडचे शब्द हायेत. कमल चार हातावर होती. पोराच्या मायनं आत वाकून तिले विचारलं बी, "तुही का वो बाई?" कमलनं मान वर केली नाही. पिल्लू पुसता पुसता म्हने, "हो, माहीच."

सोयरीक जमली.

तुमी म्हनसान, मायचं काळीज, पोरीसाठी बोलली. मी बी सोताले तेच सांगत आली. पन थांबा. मले जे सांगाचं हाय ते अजून आलंच नाही.

गोष्ट गावभर झाली, म्हाताऱ्याच्या कानावर गेली. पाटलीनबाईनं, म्हनजे मी, सोयऱ्यांपुढं सांगतलं म्हनजे खरंच असंल. तो कमलले म्हनला, तू माह्यासंग खोटं बोलली, आपन सोडलेलं त्याइचं काम तू एकटीनं उचललं. आन तिच्या हातची भाकर त्यानं सोडली. एकाच घरात राहून! बाजूच्या पुतन्याकडून त्याचं ताट येऊ लागलं. पिल्लं मायच्या दुधावरून सुटल्यावर आमी डुकरं विकून टाकली. कमलनं माह्याकडं एकच गोष्ट मांगतली : "बाई, मामाजीले एकडाव सांगा, तुमचा बी हात होता."

मी म्हनलं, लगन होऊ दे, मंग सांगते. लगन झालं. मंग मनात म्हनलं, पोरगी नांदू दे. नांदली. लेकरू झालं तिले. कमलनं पुन्हा विचारलं नाही. आमच्या वावरात येनं तेवढं तिनं बंद केलं.

मागच्या उन्हाळ्यात म्हातारा खाटेवर पडला. कमलनं निरोप धाडला, एकडाव येऊन जा. कायले बोलावलं ते मले समजत होतं. सांगाचंच म्हनून गेली मी — खरंच. आंगनात बाज होती, मले खुर्ची टाकली. कमल चहा ठेवाले आत गेली, मुद्दाम गेली. म्हाताऱ्यानं डोळे उघडले. आवाज साफ होता. "बाई, एक विचारतो. तुमी हात लावत होत्या का त्या कामाले?"

आंगनात कोनी नव्हतं. सोयरे नव्हते, गाव नव्हतं, पोरगी तिच्या घरी सुखात. मले भीती कायची होती? कायचीच नाही.

मी म्हनलं, "नाही, बाबा."

हे ते. हेच लपवलं मी. काहून म्हनलं, विचारता? मले माहीत हाय. त्या पुऱ्यात, त्या मानसाच्या डोळ्यात पाहून, मी डुकराची घान काढली असं म्हनाले मले कमीपना वाटला. बस. दुसरं काहीच नव्हतं. जिंदगीभर त्या लोकायपेक्षा वर बसली, तं मरनाऱ्या मानसापुढं बी खाली उतरली नाही.

म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड केलं. कमल चहा घेऊन आली. तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग त्याच्या पाठीकडं, आन समजली. त्याचा कप तिनं बाजेखाली ठेवला, माहा माह्या हातात देल्ला. मी तो सगळा प्याली. चांगला झाला, असं बी म्हनली.

चौथ्या दिवशी म्हातारा गेला. शेवटचं पानी त्याले पुतन्याच्या सुनेनं पाजलं. कमल गिलास घेऊन दारात उभी होती.