भराव आणि माझा लॅपटॉप
काजूच्या बोंडांचा आंबूस वास आला की आमच्या मिठबावच्या शाळेतली ती उन्हाळ्यातली सभा आठवते. खाडीलगत नव्या रस्त्यासाठी उंच भराव पडणार होता आणि ठेकेदाराचा इंजिनिअर सांगत होता, "वाडीत पाणी शिरणार नाही." पुराचे नकाशे करणं हेच माझं काम, म्हणून मी शंका काढली. माझ्या लॅपटॉपच्या पिशवीकडे बघून तो हसला. "ताई, हे हेड ऑफिसचं काम. लॅपटॉपवर होत नाही." मी माझा चार किलोचा लॅपटॉप बाकावर ठेवला, आठवडाभर ड्रोनने मोजलेली वाडीची जमीन उघडली, तिच्यावर त्याच्याच आराखड्यातला भराव चढवला आणि संगणकातला पाऊस सुरू केला. लॅपटॉपचे पंखे घरघरले, बाक तापला. दहा मिनिटांत पडद्यावरचं निळं पाणी घराघरांत शिरलं. "अगो, ह्या माझा घर मां!" शेजारची काकी ओरडली. "बंद करा ते," इंजिनिअर म्हणाला. "नाही करणार. आधी भरावाखालून पाण्याला वाट द्या." माझ्या मागे सगळी वाडी उभी राहिली. आराखडा परत गेला, तो भरावाखालच्या पाच मोऱ्या घेऊनच आला. आजही कुणीतरी विचारतं, "एवढा शिकान गावात काय करतंस?" मी सांगते, "तुमच्या घरात पाणी शिरतला काय, ता बघतंय."